सगळ्यांना एकच धोटा

रहमतभाई शाळेच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या चपला त्यांच्या हातात होत्या. आमची अंजूरची शाळा म्हणजे सारवलेल्या दोन खोल्या, तिथे कोणी चपला हातात धरून उभं राहत नाही. तिसरीची मुलं सातचा पाढा म्हणत होती. मी म्हटलं, "या की आत, असे काय उभे?" तर त्यांनी मान हलवली, खोकल्याची उबळ आली म्हणून पाठ वळवली, आणि खोकला थांबल्यावरही ते वळेनात. भिवंडीपासून सायकल हाणत आलेला माणूस तोंड का दाखवत नाही, हे कळायला फार शिकलेलं असावं लागत नाही. "बाई," शेवटी ते भिंतीकडे बघत म्हणाले, "चलिए. दत्तूभाई..." मुलं पाढा म्हणतच राहिली, कारण त्यांना कोणी थांबवलं नव्हतं.

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. दत्तूदादा माझा सख्खा थोरला भाऊ, भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात कापडाची डिझाईनं काढायचा. बाराव्याला जमलेल्या लोकांनी 'फार खेळकर माणूस हो' म्हणून त्याचं कौतुक केलं. खोटं नाही ते. पण मी आत चुलीपाशी बसून ते ऐकत होते आणि मला राग येत होता, दादाचाही आणि त्या लोकांचाही. तो राग अजून गेलेला नाही. तो का, ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

डिझाईन काढणारा म्हटलं की लोकांना वाटतं, फुलं-पानं काढत असेल. दादाचं काम ग्राफच्या कागदावर. एकेक चौकोन पेन्सिलीने भरायचा, आणि मग लूमच्या डोक्यावर जी लाकडी पट्ट्यांची माळ फिरते तिच्यात त्याप्रमाणे खुंट्या ठोकायच्या. खुंटी असेल तिथे दोरे वर उचलले जातात, नसेल तिथे खाली राहतात, आणि असं होत होत टॉवेलला किनार येते. हे त्याने हजार वेळा केलं असेल, पण पहिला वीतभर कपडा विणून बाहेर यायचा तेव्हा हा बाप्या दर वेळी वाकून बघायचा आणि हसायचा. "बाय, लाकडाला वाचता येतं," मला म्हणायचा. "मी लिवलं, त्यानं वाचलं." आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने हे मला, शाळामास्तरणीला, सांगायचं! मी म्हणायची, "मग माझी तिसरीतली पोरं तुझ्या लाकडापेक्षा ढ आहेत." तर तो गंभीरपणे म्हणायचा, "खुंट्या नीट ठोकल्या न्हायस तू."

कुठलीही युक्ती दिसली की त्याची भूक पळायची. रेडिओच्या दुकानात जुना रेडिओ उघडा पडलेला दिसला की हा रस्त्यातच थांबला, भाजीची पिशवी हातात, घरी वहिनी तवा तापवून बसलेली. त्याने वहिनीच्या दुधाच्या पातेल्यावर बसवायला एक झाकण केलं होतं, दूध वर यायला लागलं की टकटक वाजणारं. ते वाजायचं छान, पण ते कसं वाजतं हे बघायला सगळं घर गोळा व्हायचं आणि दूध उतू जायचं. रिकाम्या कांड्यांची... म्हणजे ज्यावर सूत गुंडाळतात त्या लाकडी नळ्यांची... त्याने भिंतीवर एक घसरगुंडी केली होती. वरून गोटी सोडली की ती कुठून खाली पडेल यावर अख्खी आळी भांडायची. एकदा तर त्याने टॉवेलच असा विणवून घेतला की मधोमध चौकोनांचा पट. दुपारच्या सुट्टीत कारीगर तो टॉवेल पसरून त्यावर सोंगट्या खेळायचे आणि मग त्यालाच तोंड पुसायचे. मुकादम बोंब मारायचा, दादा म्हणायचा, "कपडा हाय, कायपन करा." खेळांच्या बाबतीत त्याचा हट्ट एकच, सगळ्यांना सारखं साधन पाहिजे. लहानपणी गोट्या खेळताना तो नेम धरायची आपली चांगली गोटी समोरच्यालाही वापरायला द्यायचा. हरायचा, आणि खूश व्हायचा.

रहमतभाई त्याच कारखान्यात लूम चालवायचे. बनारसच्या बाजूचे, घर तिकडे, इथे कारखान्याच्या मागे खोलीत राहणारे. गावात दंगलीचे वाईट दिवस आले आणि गेले, तेव्हाही हे दोघं एका डब्यात जेवत होते. दादाने कागदावर काढायचं आणि रहमतभाईंनी विणून दाखवायचं. नवी किनार पहिल्यांदा लावायची ती त्यांच्याच लूमवर, दुसऱ्या कोणाच्या नाही.

आता धोट्याबद्दल सांगायला हवं. लूमवर आडवा दोरा घेऊन जी लाकडी होडी सटासट इकडून तिकडे धावते, तो धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते, आणि कुशीला एक बारीक भोक. कांडी संपली की लूम थांबवायचा, नवी कांडी घालायची, आणि दोऱ्याचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. ते कसं काढतात? तर धोटा उचलायचा, भोकाला ओठ लावायचे आणि आत श्वास ओढायचा. सूं... दोरा तोंडात. दिवसभर हेच, कांडी संपेल तेव्हा तेव्हा. दोऱ्याबरोबर कापसाचा फुफाटाही येतो, तो गिळायचा नाहीतर थुंकायचा. आणि सकाळी जो धोटा एकाच्या तोंडाला, तोच पाळी बदलली की दुसऱ्याच्या. कित्येक कारीगर एकमेकांना नावानेही ओळखत नसतात, पण त्यांची तोंडं एका भोकाला. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारी आली. तिथे कोणालाच त्यात काही वाटत नव्हतं. दादालाही नाही, तोवर.

मग तो डाग निघाला. पांढऱ्या टॉवेलला निळी किनार, असा माल चालू होता. विणलेला कपडा दादा उजेडाला धरून तपासायचा. त्यात एके ठिकाणी लाल ठिपका दिसला, मसुराच्या डाळीएवढा. दादाने नखाने खरवडला. त्याला वाटलं रंग उडालाय कुठून तरी. पण त्या दिवसांत कारखान्यात लाल सूत आलेलंच नव्हतं. थोडं पुढे उलगडलं तर आणखी एक, मग आणखी एक, आणि तीनही आडव्या दोऱ्याच्याच ओळीत. दोऱ्याच्या टोकाला लागून आले होते ते. तो कपडा रहमतभाईंच्या लूमवरचा होता. शेठला दाखवलं तर शेठ म्हणाला, "धुवायला टाक." दादा घरी आला तो जेवला नाही. मी सुट्टीत त्यांच्याकडे गेले होते. मला म्हणाला, "बाय, मी डिझाईन काढलं न्हाय असं डिझाईन आलंय कपड्यात."

रहमतभाईंना क्षय निघाला. सरकारी दवाखान्यात सुया सुरू झाल्या. अंगात ताकद आली, खोकला बसला, तसं त्यांनी दवाखान्यात जाणं सोडलं. "अब तो ठीक हूँ," म्हणाले, आणि परत लूमवर उभे राहिले. परत तोच धोटा, परत तोच सूं आवाज. दादाने समजावलं, रागावून झालं. रहमतभाईंचं उत्तर ठरलेलं, "दत्तूभाई, मुँह अपने पास ही रहता है, ढूँढना नहीं पड़ता." या तोंडाला धोट्यापासून तोडायचं, एवढं एकच दादाच्या मनाने घेतलं. तिथून पुढे त्याला दुसरं काही सुचलं नाही.

त्या सुमारास मुंबईत यंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं. दादा मला ओढून घेऊन गेला. दोरीच्या पलीकडे एक परदेशी लूम चालू होता, त्यात कांडी संपली की आपोआप नवी बसत होती, माणसाने हात लावायचा नाही. लोक 'वेग बघा वेग' म्हणत होते. दादाने तिथल्या कोटवाल्या इंजिनिअरला विचारलं, "साहेब, भोकातून दोरा कोन ओढतं?" इंजिनिअरला प्रश्नच कळेना. मग त्याने एक धोटा काढून दाखवला. भोकापर्यंत वरून तिरकी खाच कापलेली, दोरा त्या खाचेतून सरकतो आणि आपला आपण भोकात जाऊन बसतो. दादाने तो धोटा दोन्ही हातांनी असा धरला की मला वाटलं आता हा रडतो की काय. "म्हंजे कुनीतरी आदीच विचार केलाय," तो परत येताना एसटीत म्हणत होता. "जगात कुठंतरी एक मानूस बसला नं त्यानं ह्याच भोकाचा विचार केला. मना तो भेटला पायजे होता." दुसऱ्याने आधी केलं म्हणून वाईट वाटणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

मग घर म्हणजे सुतारखाना. आपल्या धोट्यांना तशी खाच पाडायची तर लाकूड फुटायचं. फुटलं नाही तर लूमच्या धक्क्याने दोरा खाचेतून उडून बाहेर. कधी पितळेची पट्टी आत वाकवून बसवायचा, कधी तार. वहिनी म्हणायची, "माझी पोळपाटं तेवढी सोडा." अखेर जमलं. दोरा खाचेवर ठेवायचा, अंगठ्याने एक ओढ द्यायची, टक् करून आत. मी केलं, वहिनीने केलं, शेजारच्या म्हातारीने केलं. दादा शर्यती लावायचा, एकीला जुना धोटा, दुसरीला खाचेचा. जुन्या धोट्याला तोंड लावून आम्ही ओढत बसायचो, दोरा काही येत नसे, खोकून खोकून डोळ्यांत पाणी. खाचेचा धोटा दर वेळी जिंकायचा. दादा आमच्या आरोळ्या ऐकून नुसता फुलून यायचा.

शेठला जाऊन त्याने हे सरळ सांगितलं असतं तर बहुतेक वेगळं झालं असतं. पण दादाला कोणाला काही पटवायचं म्हणजे त्याचा खेळ करायचा, एवढंच येत होतं. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. अशा एका शुक्रवारी त्याने कारखान्याच्या अंगणात शर्यत ठेवली. मलाही बोलावलं होतं. एकाने जुन्या धोट्यातून तोंडाने दोरा काढायचा, दुसऱ्याने खाचेच्या धोट्यातून अंगठ्याने. आणि रडीचा डाव नको म्हणून नियम असा की जुना धोटा एकच, सगळ्यांनी तोच वापरायचा. मी हळूच म्हटलं, "दादा, सगळ्यांची तोंडं?" तर म्हणाला, "आजच्यापुरती, बाय. आज शेवटची."

पहिले रहमतभाई उठले. मोजायलाही वेळ झाला नाही, सूं, आणि दोरा ओठांत. समोरचा अजून खाच शोधत होता. अंगणात हशा उसळला. दुसरा उठला, तिसरा उठला... दर वेळी तोंडच जिंकलं. जन्मभर जे ओठ तेच करत आले त्यांना कसला वेळ लागतोय! दादाने परीक्षा घेतली होती ती आम्हा बायकांवर, ज्यांनी त्याआधी धोट्याला कधी तोंड लावलं नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलेलं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तो हरला की टाळ्या वाजवणारा माणूस, त्याने टाळ्या वाजवल्या. कारीगरांनी त्याला धरून आणलं, हरणाऱ्याला दंड! त्याच धोट्यातून तोंडाने दोरा काढून दाखवायचा. रहमतभाईंनी हसत हसत धोटा त्याच्या हातात दिला. तो ओला होता, उन्हात चकाकत होता. दादाने तोंड लावलं, जोर लावला, तिसऱ्यांदा दोरा आला. सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.

आणि मग तो खेळ थांबलाच नाही. दर शुक्रवारी व्हायला लागला. शेजारच्या कारखान्यात गेला, पलीकडच्या आळीत गेला. काल्हेरकडून येणारे कारीगरही खेळून जायचे. खाचेचा धोटा मागे पडला. ज्याला हरायचंय त्याने तो घ्यायचा! राहिली फक्त तोंडांची शर्यत, आणि नियम दादाचाच, सगळ्यांना एकच धोटा. त्याला लोक 'दत्तूभाई का खेल' म्हणू लागले. दादा प्रत्येक ठिकाणी जाऊन सांगायचा, बंद करा, निदान आपापला धोटा आणा. ते म्हणायचे, "हे काय दत्तूभाई, तुमीच बोल्लाव ना, सगल्यांना सारखा पायजे?" ज्याच्या नावाचा खेळ त्यालाच नियम शिकवायचे. एकदा तो रागाने धोटा मोरीत फेकून आला. त्यांनी तो धुऊन परत खेळायला घेतला. त्या पावसाळ्यानंतर त्या आळ्यांमधून जाताना मला प्रत्येक कारखान्यातून लूमच्या आवाजावर खोकला ऐकू यायचा. पूर्वीही येत असेल. मला तो तेव्हापासून ऐकू यायला लागला, एवढं खरं.

दादाने घरातली घसरगुंडी काढून टाकली. झाकण काढलं. कागदावर चौकोन भरायचं काम तेवढं करायचा, मान खाली घालून. त्याच्या खोकल्याबद्दल त्याने वहिनीला सांगितलं नाही, मला तर नाहीच. आम्हाला कळलं तेव्हा बरंच पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांना मी विचारलं, त्या एका दिवसाने होतं का असं? ते म्हणाले, ताई, कुठून आलं ते सांगता येत नाही, भिवंडीत कुठूनही येतं. त्यांचं बरोबर असेल. मला मात्र तो उन्हात चकाकणारा धोटाच दिसतो.

दवाखान्यात मी त्याला शेवटचं भेटले तेव्हा तो खाटेवर उठून बसला होता आणि त्याने आपल्याच छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ये बाय, हे बघ. आतलं दिसतं मानसाचं. काय युक्ती काढलीय!" त्या काळ्या फिल्मवर पांढरे धागे पसरले होते, एका बाजूला दाट. त्याचं बोट त्यांच्यावरून फिरत होतं, कपडा तपासताना फिरायचं तसं. कितीतरी महिन्यांनी मी त्याला असं बघत होते... खूश. मला ते सहन होईना. मी ओरडलेच त्याच्यावर, "ठेव तो! मरायला टेकलायस आणि युक्त्या बघतोस?" त्याने एक्स-रे खाली ठेवला. "मरतंय कोन," म्हणाला, आणि मग जरा थांबून, "रहमत परत खोकतोय, मना म्हाईत हाय. त्याला सांग, सुया पुऱ्या कर. नं तोंड लावू नको. माझं ऐकत न्हाय तो. तू बाई हायस, तुजं ऐकंल." एवढं बोलून तो दमला. हेच त्याचं माझ्याकडे शेवटचं मागणं.

मागच्या आठवड्यात वहिनीने मला कारखान्यातून दादाच्या पेन्सिली आणि पट्ट्या आणायला पाठवलं. रहमतभाई मला बघून लूम सोडून धावत आले. अंगाने निम्मे झाले होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "बाई, खेल बंद. सब कारखानों में जाकर बोल दिया. दत्तूभाई की कसम डाली है." सुयांचं विचारलं तर म्हणाले, कालपासून परत सुरू केल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. मग माझा हात धरायचा तेवढा बाकी, असे मला आपल्या लूमपाशी घेऊन गेले. "और ये देखिए." दादाने केलेले खाचेचे धोटे त्यांनी कुठून तरी शोधून काढले होते, घासून, तेल लावून आपल्या लूमवर चढवले होते. सगळ्या कारखान्यात तेच एकटे. बाकीचे हसतात, म्हणाले, हसू देत. मला इतकं हलकं वाटलं त्या क्षणी. वाटलं, दादा, तुझं एक तरी माणूस सुटलं.

तेवढ्यात कांडी संपली. रहमतभाईंनी लूम थांबवला, दादाचा धोटा काढला, नवी कांडी घातली, माझ्याकडे बघून हसले, आणि धोटा उचलून ओठांना लावला. सूं... खाच तशीच, वरच्या अंगाला, मोकळी. दोरा त्यांच्या दातांत आला. त्यांनी तो बाजूला ओढला, धोटा जागेवर ठेवला, लूम चालू केला आणि अभिमानाने मला म्हणाले, "देखा, बाई? दत्तूभाई का है. अब मुँह नहीं लगाना पड़ता."

मी काय म्हणाले ते लूमच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ते कानाशी हात नेऊन वाकले, आणि खोकायला लागले. मी पुन्हा ओरडून सांगितलं.